घाटात डिझेल गाडी काळा धूर ओकतेय, पंप-नोझल खोलू का?

खंबाटकीचं_वळण
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, पण गॅरेजवाल्याने आकडा सांगितल्यापासून झोप उडालीय, म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, एमएच-१२ (पुणे), कॉमन रेल (एका नळीत जबर दाबाचं डिझेल, नोझल ते सिलिंडरमध्ये फवारतात), टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). १ लाख ३८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून 'माझी कंपनी-तुझी कंपनी' सुरू होतं.

दर शुक्रवारी पुण्याहून साताऱ्याला येतो. सपाटीला गाडी ठीक. खंबाटकी लागला की तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढत नाही आणि मागे काळा ढग. मागच्या शुक्रवारी मागच्या टेम्पोवाल्याने बाजूला येऊन काच खाली केली आणि म्हणाला, "साहेब, चूल पेटवलीय का?" बायको अजून हसतेय.

पीयूसीला नेली, नापास. गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने बॉनेटही नीट उघडलं नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काजळी बघितली आणि म्हणाला, "नोझल गेलेत, पंपही खोलावा लागेल, ६० हजार धरून चाला." खरंच एवढं काम असतं का? आधी काय बघू?

१०_११चा_पाना
बोटाला काजळी लागली म्हणून नोझल गेले? मग माझ्या बोटाला रोज भाकरी लागते, मी बल्लवाचार्य झालो.

थांब. काहीही खोलू नकोस. आधी ही उत्तरं दे:
धूर सकाळी पहिल्या स्टार्टला येतो का, की फक्त चढावर? उभ्या गाडीला रेस दिली तर येतो का? एअर फिल्टर कधी बदलला? चिप वगैरे बसवलीय का? ऑइल कमी होतंय का? आणि पिकअप हळूहळू गेला की एके दिवशी अचानक?

गप्प_बसा
इलेक्ट्रिक घ्या, धूरच नाही. 🙂

१०_११चा_पाना
आला बघा. घेऊन दे, लगेच धागा बंद करतो.

खंबाटकीचं_वळण
उत्तरं देतो. सकाळी स्टार्टला काही नाही, अर्ध्या सेल्फला उठते. उभ्या गाडीला हळू रेस दिली तर धूर नाही, दाबून रेस दिली तर थोडा. खरा धूर लोडवर, ५वा-६वा माणूस बसल्यासारखी गाडी जड होते तेव्हा. एअर फिल्टर १५ हजार किमीपूर्वी बदललेला. चिप नाही. ऑइलच्या पट्टीवर लेव्हल जिथल्या तिथे. पिकअप मात्र दिवाळीच्या आसपास अचानक गेला असं आता विचार केल्यावर वाटतंय.

निवृत्त_स्टेअरिंग
मी ३१ वर्षं एसटी चालवली. एक विचारतो, राग मानू नका. घाटात तुम्ही गिअर कधी टाकता? हल्लीची मुलं चौथ्यात गाडी घुरघुरेपर्यंत नेतात, मग तिसरा. १२००-१३०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की टर्बोला अजून जाग आलेली नसते, हवा कमी आणि डिझेल जास्त, मग धूर येणारच. नव्या गाडीतही थोडा येईल. चढ समोर दिसला की आधीच खालचा गिअर, इंजिन २०००च्या वर ठेवायचं. आधी हे करून बघा, फुकट आहे.

खंबाटकीचं_वळण
काका, राग कसला. पण करून बघितलंय. २५०० वरही धूर आहेच, शिवाय एक 'सुंऽऽ' असा आवाज येतो, पाय दाबला की वाढतो.

डोंगरवाट
ईजीआर! १०० टक्के ईजीआर. माझी गाडी अशीच होती, ईजीआर साफ केला, मख्खन. शहरातल्या गाड्यांना कार्बन धरतोच. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, तो उघडा अडकला की जळलेला धूर आत जातच राहतो, चांगल्या हवेची जागा तोच खातो.

पंपनोझल
मी या धाग्यावर बोलायला हवं, कारण आमचं कोल्हापूरला पंप-नोझलचंच काम आहे, वडिलांपासून. म्हणजे तुमचे ६० हजार आमच्यासारख्यांच्याच खिशात येणार. तरी सांगते, खोलू नका.

लोक धुराचा रंग सांगतात, मी आधी विचारते की धूर केव्हा येतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. डिझेल जास्त पडतंय, नाहीतर हवा कुठेतरी हरवतेय. नोझल टपकत असेल तर आयडलला इंजिन खडखडतं, एखाद्या सिलिंडरचा ठोका वेगळा ऐकू येतो, स्टार्टिंगही बिघडतं. तुमची अर्ध्या सेल्फला उठते, उभ्याने शांत चालते. आणि ज्या क्षणी टर्बोने दाब द्यायला हवा नेमका त्याच क्षणी धूर, वर 'सुंऽऽ'. हे डिझेलच्या बाजूचं लक्षण वाटत नाही, हवेच्या बाजूचं वाटतं.

गाडी आत येणारी हवा एअर फिल्टरनंतरच्या सेन्सरवर मोजते आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकं डिझेल मारते. पुढे टर्बो, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी), रबरी पाइप, मग इंजिन. मोजून झाल्यावर वाटेत पाइप फाटला असेल तर हवा बाहेर गेली, पण कॉम्प्युटरला वाटतं ती आत आहे. डिझेल पूर्ण पडतं. घराबाहेर ४ जोडी चपला बघून ४ जणांचा स्वयंपाक करावा आणि आत दोघंच निघावेत, तसं. उरलेलं काजळी होऊन मागून जातं.

१०_११चा_पाना
ताई, चपलेचं उदाहरण उचलतोय, गिऱ्हाइकांना सांगायला.

वळण, यात भर घालतो. हा पाइप उभ्या गाडीत धडधाकट दिसतो. चीर मिटलेली असते, दाब आला की ओठासारखी उघडते. म्हणून गॅरेजमध्ये उभ्याने बघून 'पाइप ओके' म्हणतात. हाताने पिळून, वाकवून, क्लिपच्या कडेला बघायचं. जिथून हवा फुटते तिथे तेलकट काळा डाग असतो, त्यावर धूळ बसून मलमासारखं होतं.

खंबाटकीचं_वळण
उद्या रविवार, उद्याच बघतो. पण डोंगरवाट म्हणतोय ते ईजीआरचं काय?

पंपनोझल
चुकीचं नाही, शक्य आहे. फक्त ईजीआर अडकला तर शिट्टी वाजत नाही.

डोंगरवाट
१५०० रुपयांत होतं राव. करून टाका.

*(मधले काही प्रतिसाद गाडी विकावी की ठेवावी यावर. सोडून देतो. – खं.व.)*

अबोली_पुणे
अवांतर आहे, पण इथेच विचारते. माझी २०२१ची डिझेल, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची). धूर अजिबात नाही. पण ऑइलच्या पट्टीवर लेव्हल वाढतेय. कमी होणं ऐकलं होतं, वाढणं म्हणजे काय प्रकार? रोज घर ते ऑफिस ६ किमी.

१०_११चा_पाना
ताई, अवांतर मुळीच नाही. बीएस-६ला सायलेन्सरच्या आधी डीपीएफ असतो, काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरली की गाडी जादा डिझेल मारून जाळी तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला २०-२५ मिनिटं सलग चालणं लागतं. तुम्ही ६ किमीवर गाडी बंद करता, काम अर्धवट राहतं, जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून लेव्हल वाढते. ऑइल पातळ झालं की टर्बोचे आणि क्रँकचे बेअरिंग मरतात. पट्टीवर वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर ऑइल बदलाच, किलोमीटर बघत बसू नका. आणि आठवड्यातून एकदा एक्स्प्रेसवेला ३०-४० किमी एकसारख्या वेगाने फिरवून आणा.

दुसरं, 'धूर नाही' यावर बीएस-६वाल्यांनी खूश होऊ नये. वळणच्या गाडीला पाइप फाटला तर टेम्पोवाला सांगतो. तुमच्याकडे तोच धूर जाळी गिळते, बाहेर सगळं स्वच्छ. मग दिवा लागतो, गाडी मंदावते आणि गॅरेजवाला हजारांत बोलतो.

अबोली_पुणे
पट्टी खुणेच्या बोटभर वर आहे. 😟 उद्याच बदलते. धन्यवाद दादा.

नाशिककर७
माझाही एक प्रश्न. जुनी डिझेल एसयूव्ही, थंडीत सकाळी पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, ५ मिनिटांनी बंद. गॅरेजवाला हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) म्हणतोय.

पंपनोझल
डोळे चुरचुरतात आणि कच्च्या डिझेलचा वास येतो? मग ते न जळलेलं डिझेल आहे. नाशकात थंडी चांगली पडते, आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) बघा. प्लग काढूच नका, जुन्या गाडीत तुटून हेडमध्ये अडकतात. वायर काढून मल्टिमीटरने बॉडीशी रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो. मेलेला प्लग काहीच दाखवत नाही. सगळे मेले असतील तर आधी रिले बघा.

गॅस्केटचा धूर सहसा ५ मिनिटांत थांबत नाही. तो गरम इंजिनलाही येत राहतो, वास गोडसर, कूलंटची बाटली उतरते. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. रात्रभर उभी असूनही कडक लागला तर काळजी करा.

नाशिककर७
पाइप मऊ आहे, कूलंट जागेवर. चारातले दोन प्लग मेलेत! गॅस्केटवाल्याला रामराम.

निवृत्त_स्टेअरिंग
काळा झाला, पांढरा झाला, आता निळ्याचं सांगतो, कारण जीवावरचा तोच. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहून सकाळी एकच भपका आला तर व्हॉल्व्ह सील. लांब उतार पाय काढून उतरलात आणि खाली परत पाय दिला की भपका, तरीही सील नाहीतर टर्बो बघा. कायमच येत असेल आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून वाफ भसाभसा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. आणि हो, कुणी हुशाराने ऑइल जास्त ओतलं असेल तरी निळाच.

जीवावरचा का म्हणालो ते ऐका. नोकरीतून सुटल्यावर भाच्याचा टेम्पो थोडे दिवस चालवला. टर्बोचा सील गेलेला, भाचा म्हणे "दिवाळीनंतर करू". एका धाब्यापुढे उभा करून चहा पितोय तोवर इंजिनचा आवाज आपोआप चढायला लागला. क्लीनरने चावी काढून माझ्या हातात दिली. चावी माझ्या हातात आणि इंजिन किंचाळतंय! आख्खा धाबा निळ्या धुरात. डिझेल बंद केलं तरी ते स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. मी वर चढलो, टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. एक हिसका, मग सगळं गार. हात नंतर कापायला लागले. क्लीनर हवेच्या पाइपात फडकं कोंबायला निघाला होता, मी ओरडलो म्हणून थांबला. फडकं आत ओढलं जातं, हातही जाईल. काही लावायचंच तर सपाट फळी.

डोंगरवाट
बाप रे. काका, यावर वेगळा धागा काढा.

खंबाटकीचं_वळण
अपडेट. मंडळी, मी चुकलो. रविवारी पाइप बघायला घेतला, पण खालचा टोकाचा भाग बंपरच्या आत आहे, हात जाईना. वरचा तुकडा चांगला दिसला. मग डोंगरवाटचं ऐकून सोमवारी ईजीआर साफ केला. निघालेली काजळी एका वाटीत ठेवली असती तर दिवाळीचं काजळ वर्षभर पुरलं असतं. गाडी उभ्याने जरा गुळगुळीत वाटतेय. पण शुक्रवारी खंबाटकीत ढग तसाच. १५०० गेले.

डोंगरवाट
सॉरी मित्रा. पण साफ व्हायला हवाच होता ना. 😬

पंपनोझल
असू दे. आता अंदाज बंद, मोजून बघू. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) कुणाकडे आहे का? मोबाइलवर 'मॅनिफोल्ड प्रेशर' लावा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. चावी ऑन, इंजिन बंद, आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रपातळीला १०१ किलोपास्कल, साताऱ्यात ९३-९४च्या आसपास यायला हवा. तसा आला की सेन्सर खरं बोलतोय. मग शेजारी कुणाला बसवून (स्वतः चालवताना मोबाइल बघायचा नाही!) तिसऱ्यात २००० वरून पूर्ण पाय दाबा आणि सर्वांत मोठा आकडा सांगा.

खंबाटकीचं_वळण
मेहुण्याचा डोंगल मिळाला. उभ्याने ९४. तिसऱ्यात पूर्ण पाय दाबून मेहुणा ओरडला, "१२८!" तीनदा केलं, १२८, १२६, १२९. बिघाडाचा एक कोडही सापडला, पी ०२९९. आणि हो, मेहुणा म्हणतो 'सुंऽऽ' आवाज डाव्या हेडलाइटच्या खालून येतोय.

१०_११चा_पाना
पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. या गाड्या फुल लोडला २००च्या पुढे दाखवतात. तुझी ३४चीच भर घालतेय, बाकी हवा रस्त्यावर. टर्बो गेला असंही असू शकतं, पण डाव्या हेडलाइटखाली टर्बो नसतो. तिथे पाइप असतो. बंपर खोल.

आणि एक धोक्याची सूचना, इथे बरेच जण वाचतायत म्हणून. हवेचा पाइप हाताने चाचपा, डिझेलचा कधीही नाही. कॉमन रेलमध्ये १६०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. सुईसारखी धार कातडीत घुसते, दिसतं नुसतं टोचल्यासारखं, आणि बोट कापायची वेळ येते.

खंबाटकीचं_वळण
सापडलं!!

बंपर उतरवला. इंटरकूलरच्या खालच्या तोंडाला जो कोपरासारखा वळलेला पाइप आहे, त्याच्या क्लिपला लागूनच, खालच्या बाजूने. वरून दिसणं शक्यच नव्हतं. आधी फक्त तेलात कालवलेली माती दिसली, जाड, चमकदार. फडक्याने पुसली तर खाली काहीच नाही. मग पानाच्या सल्ल्याप्रमाणे पिळला आणि रबर हसलं. चार बोटं लांब चीर, आतले दोरे लोंबलेले. क्लिपची धार रबरात रुतून तिथूनच कापलं गेलंय.

नवा पाइप २१०० रुपये, दोन दिवसांनी येणार.

पंपनोझल
जुन्या पाइपच्या आत बोट घाला. ऑइलचा पातळ हात लागतो की थारोळं आहे?

खंबाटकीचं_वळण
पातळ हात. थेंब ओघळत नाही.

पंपनोझल
मग टर्बोला हात लावू नका. ब्रीदरमधून (इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या पाइपात सोडणारी नळी) एवढं तेल सगळ्याच गाड्यांत येतं. थारोळं असतं तर टर्बोचा सील बघायला सांगितलं असतं.

ज्यांना पुढेमागे खरंच नोझल बघायची वेळ येईल त्यांच्यासाठी एवढंच: आधी रिटर्न मोजायला सांगा. आम्ही सलाइनच्या नळ्या आणि औषधाच्या चार सारख्या बाटल्या लावतो. एक बाटली बाकीच्यांच्या आधी भरली तर तो नोझल आतून गळतोय. यातून स्टार्टिंगचा रोग कळतो. धुराचा रोग कळायला नोझल काढून स्टँडवर फवारा बघावा लागतो. परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच, आणि नवा नोझल असेल तर त्यावरचा कोड स्कॅनरने गाडीत भरायचा. कोड न भरता दिला तर पैसे देऊ नका. आमच्या दुकानातही.

खंबाटकीचं_वळण
पाइप बसला. बुधवारी मेहुण्याला घेऊन त्याच रस्त्यावर: २०६. सीटला पाठ चिकटली, मेहुण्याचा मोबाइल हातातून सटकला.

पहिल्या दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर धूर आलाच, घाबरलो.

१०_११चा_पाना
सायलेन्सरमध्ये महिनोन्महिने साचलेली काजळी आहे ती. आता हवेचा जोर आलाय, धुऊन निघतेय. टाकीभर चालव.

खंबाटकीचं_वळण
बरोबर निघालं. शुक्रवारी खंबाटकी तिसऱ्यात, आरशात मागची गाडी स्वच्छ दिसत होती. शनिवारी पीयूसी. आधी के-व्हॅल्यू (धुराच्या काळेपणाचा आकडा) १.९४ होती, आता ०.५८.

नाशिककर७
मर्यादा किती असते?

१०_११चा_पाना
डिझेल बीएस-४ला १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. वर्ष बघून ठरवू नका, आरसीवर काय लिहिलंय ते बघा. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७पासून आलं, पण पुण्या-मुंबईसारख्या शहरांत २०१०पासूनच होतं. म्हणून २०१४ची एमएच-१२ बीएस-४ निघते. त्याच वर्षाची एमएच-११ (सातारा) बीएस-३ असू शकते, आणि मग १.९४लाही ती पास झाली असती. धूर तोच.

गप्प_बसा
मी अजून म्हणतो इलेक्ट्रिक.

निवृत्त_स्टेअरिंग
बाळा, तुझ्या इलेक्ट्रिकला खंबाटकीत ढकलायला आम्हीच येऊ.

खंबाटकीचं_वळण
😂 एक राहिलं. त्या ६० हजारवाल्या गॅरेजमध्ये फाटका पाइप घेऊन गेलो. भांडायला नाही, नुसता दाखवायला. त्याने उलटसुलट केला, पिळला, चीर उघडून बघितली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हा ठेवू का माझ्याकडे? पोरांना दाखवायला." देऊन आलो.

पंपनोझल
चांगलं केलंत. क्लिप नवी टाकली ना? की तीच, रबर कापणारी?

खंबाटकीचं_वळण
…

पंपनोझल
वळणदादा?

खंबाटकीचं_वळण
उद्या सकाळी बंपर परत उतरवतोय.